चेल्टनहॅमच्या आधीचा पाऊस: ट्रॅकच्या जमिनीचं नक्की काय होतं?

खुरपावली (धागाकर्ता)

मार्च लागला की चेल्टनहॅमच्या (इंग्लंडमधला, अडथळ्यांवरून उड्या मारत पळायच्या घोडेशर्यतींचा चार दिवसांचा फेस्टिव्हल) प्रत्येक धाग्यावर तोच प्रश्न येतो: "काल इतके मिलिमीटर झाला, आता गोइंग काय राहील?" गोइंग म्हणजे ट्रॅकची जमीन किती टणक किंवा मऊ ते; टणकाकडून मऊकडे फर्म, गुड टू फर्म, गुड, गुड टू सॉफ्ट, सॉफ्ट, हेवी. नुसत्या मिलिमीटरवरून हे सांगता येत नाही. तोच १० मिलिमीटर पाऊस एका वर्षी ट्रॅक पिऊन टाकतो आणि दुसऱ्या वर्षी तेवढ्यानेच राड होते. फरक कशाने पडतो ते एका जागी असावं म्हणून हा धागा. कोण जिंकणार, भाव काय, हे इथे नको; त्यासाठी दुसरे धागे ओसंडून वाहताहेत.

आधी जागा. चेल्टनहॅमचा ट्रॅक, प्रेस्टबरी पार्क, क्लीव्ह हिल या टेकडीच्या पायथ्याशी आहे आणि मूळ जमीन चिकणमातीची, म्हणजे भारी. भारी जमीन पाणी सावकाश घेते आणि त्याहून सावकाश सोडते. त्यात ट्रॅक सपाट नाही. उंचावरचं पाणी खोलगटात सरकतं, त्यामुळे एकाच सकाळी एक भाग गुड टू सॉफ्ट आणि दुसरा सरळ सॉफ्ट असू शकतो. जाहीर होणाऱ्या गोइंगला "काही ठिकाणी सॉफ्ट" असं शेपूट लावतात ते यासाठीच.

दुसरं, चेल्टनहॅम म्हणजे एकच ट्रॅक नव्हे. मंगळवार-बुधवार ओल्ड कोर्स, गुरुवार-शुक्रवार न्यू कोर्स, शिवाय क्रॉस-कंट्रीचा वेगळा कोर्स. ओल्ड कोर्सला नोव्हेंबरनंतर मार्चपर्यंत आराम असतो. न्यू कोर्सवर डिसेंबरमध्ये, १ जानेवारीला आणि जानेवारीअखेरच्या ट्रायल्स डेला (फेस्टिव्हलच्या पूर्वतयारीच्या शर्यतींचा दिवस) घोडे पळालेले असतात. म्हणून पाऊस सारखाच पडला तरी मंगळवारची जमीन आणि गुरुवारची जमीन तो सारखा झेलत नाहीत.

आता हिशोब. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी १०,००० लिटर पाणी. घोड्याच्या टापेला मुख्यतः वरचा १० सेंटिमीटरचा थर लागतो. जमीन वाफशावर (ना चिखल, ना कोरडी) असेल तर त्या थरात साधारण १० टक्के जागा हवेची असते. १०० मिलिमीटरचे १० टक्के, म्हणजे १० मिलिमीटर. काहीच निचरा झाला नाही असं धरलं तर १० मिलिमीटर पावसात तो थर काठोकाठ भरतो. जमीन दबलेली असेल तर हवेची जागा ५ टक्क्यांवर येते आणि ५ मिलिमीटरलाच तीच गत होते. आधीच भरलेली असेल तर २ मिलिमीटरही पृष्ठभागावर चमकायला लागतात. म्हणजे "किती पडला" याच्या आधी "कशावर पडला" हे विचारायचं.

तिसरी गोष्ट वेग. भिजलेली चिकणमाती तासाला १ ते ५ मिलिमीटर पाणी आत घेते. वाळूसारखी हलकी जमीन ३० च्या वर घेते. रात्रभर रिपरिप करून पडलेले १२ मिलिमीटर बरेचसे मुरतात. तेच १२ मिलिमीटर अर्ध्या तासात कोसळले तर उतारावरून वाहतात आणि खोलगट भागांची वाट लावतात, पण उंचावरचे भाग आश्चर्य वाटावं इतके बरे राहतात. आकडा एकच, ट्रॅक दोन.

चौथी, सुकण्याचा वेग. मार्चच्या मध्यावर तिकडे बाष्पीभवन आणि गवताने ओढलेलं पाणी मिळून दिवसाला १ ते १.५ मिलिमीटर जातं, ऊन आणि चांगला वारा असेल तर थोडं जास्त. म्हणजे रविवारी पडलेले १० मिलिमीटर मंगळवारपर्यंत "सुकून जातील" ही आशा सोडा. दोन दिवसांत हवेत जाणार २ ते ३ मिलिमीटर. उरलेलं जे काय करायचं ते निचऱ्याने करायचं.

गवत्या

धागा आवडला. वाचनखूण साठवली.

दबलेल्या जमिनीबद्दल भर घालतो. भरधाव धावणाऱ्या घोड्याचा एका पायावर येणारा कमाल भार त्याच्या वजनाच्या सुमारे अडीचपट असतो. ५०० किलोचा घोडा धरा आणि टापेचं क्षेत्रफळ तळहाताएवढं धरा, मग किती दाब पडतो बघा. ढोबळ हिशोब सांगतो: ओल्ड कोर्सचा एक फेरा साधारण दीड मैल, म्हणजे २४०० मीटर. साडेसहा मीटरची एक ढांग धरली तर एका फेऱ्यात एका घोड्याच्या दीड हजाराच्या आसपास टापा पडतात. हर्डल (हलके अडथळे) आणि चेस (मोठी, भक्कम कुंपणं) यांच्या पट्ट्या वेगळ्या असतात, म्हणून दिवसाच्या ७ पैकी ४ शर्यती एका पट्टीवर धरा, प्रत्येकी १५ घोडे, दोन फेरे. पावणेदोन लाखांच्या वर टापा झाल्या, एका दिवसात.

कोरड्या जमिनीला याचं फार वाटत नाही. ओली जमीन दाबाखाली कण सरकवून बसते, हवेच्या पोकळ्या मिटतात. म्हणजे ओल्या मंगळवारी पळवलेली पट्टी बुधवारच्या पावसाला आधीच अर्धी झालेली असते. खुरपावलींनी १० टक्के आणि ५ टक्के सांगितलं, तो प्रवास असा एका दुपारीत होतो.

गवताचं म्हणाल तर जंप ट्रॅकवर ४ ते ५ इंच ठेवतात, मुख्यतः बारमाही रायग्रास. लांब पात्यांनी गादी मिळते आणि मुळांचं जाळं मातीला धरून ठेवतं. पण जमिनीचं तापमान ६ अंशांच्या खाली असेपर्यंत गवत वाढत नाही. फेब्रुवारीत उखडलेली जागा मार्चपर्यंत भरून येईलच असं नाही. न्यू कोर्सवर ट्रायल्स डे ओला झाला असेल तर दीड महिन्यांनी शुक्रवारी गोल्ड कपच्या (फेस्टिव्हलची मुख्य शर्यत) दिवशी त्याचे व्रण दिसतात ते यामुळे.

टापटीप

ट्रॅकवाले जमिनीत खुपसून गोइंग मोजतात त्या गोइंगस्टिकचा आकडा नक्की काय मोजतो? ६.५ म्हणजे किती ओल?

रिकीब

टापटीप, गोइंगस्टिक ओल मोजतच नाही. दोन गोष्टी मोजते. काठीचं पातं जमिनीत १० सेंटिमीटर खुपसायला किती जोर लागला, हा पहिला आकडा. मग पातं तसंच ठेवून काठी ४५ अंशांपर्यंत मागे ओढायची. माती फाटायला किती विरोध करते, हा दुसरा. दोन्ही मिळून १ ते १५ च्या पट्टीवर एक आकडा येतो. कमी म्हणजे मऊ, जास्त म्हणजे टणक. पहिला आकडा टाप किती रुतेल ते सांगतो, दुसरा घोडा मागे रेटा देईल तेव्हा माती धरेल की सटकेल ते.

करायची पद्धत अशी: ट्रॅकभर ठरलेल्या जागा असतात, प्रत्येक ठिकाणी थोड्या अंतरावर तीन वेळा खुपसायचं आणि सरासरी घ्यायची. चुका इथेच होतात. पट्टीच्या आतल्या कडेने, रेलला (कडेच्या कठड्याला) लागून मोजलं तर आकडा मऊ येतो, कारण तिथेच सगळ्यात जास्त टापा पडलेल्या असतात. दगड किंवा वाळूच्या चरावर पातं आलं तर भलताच टणक येतो, तो टाकून द्यायचा. पहाटे गारठ्याने वरचा सेंटिमीटरभर थर कडक असेल तेव्हाही आकडा फसवतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सकाळी सातचा आकडा हा सकाळी सातचाच असतो. साडेदहाला सरी आल्या की तो इतिहासजमा.

एका ट्रॅकचा आकडा दुसऱ्याला लावू नका. माती वेगळी, मुळं वेगळी. चेल्टनहॅमचा ६.५ आणि वालुकामय ट्रॅकचा ६.५ यांवर घोडा एकसारखा पळत नाही. चेल्टनहॅमच्या आकड्याची तुलना चेल्टनहॅमच्याच मागच्या आकड्यांशी, तीही त्याच कोर्सच्या.

आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या रेसकार्डावर पेनिट्रोमीटरचा आकडा येतो, त्याची सवय असलेल्यांनी जपून. त्यात टोक किती रुतलं ते मोजतात, म्हणजे आकडा मोठा तेवढी जमीन मऊ. बरोबर उलटं.

लगाम_सैल

इथे एक गोष्ट कुणी बोललं नाही आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोठी. सगळ्यात जड जमीन ही सगळ्यात ओली जमीन नसते.

पाऊस चालू असताना किंवा नुकता थांबल्यावर माती पाण्याने सैल असते. टाप आत जाते, पाणी उडतं, टाप बाहेर येते. घोडा भिजतो, जॉकीचा चष्मा भरतो, पण पाय सुटतो. आता पाऊस थांबून दीड-दोन दिवस झाले आणि कोरडा वारा सुटला. वरचं मोकळं पाणी गेलं, पण चिकणमातीच्या कणांना धरून बसलेलं पाणी तसंच. ही माती कणकेसारखी होते, टापेला चारी बाजूंनी चिकटते. प्रत्येक ढांगेला पाय उपसून काढावा लागतो. तीन मैलांच्या शर्यतीत हे सातशे-आठशे वेळा. ढांग आखडते, घोडा उडी घेताना जवळ जाऊन अडखळतो, आणि शेवटच्या चढावर पेट्रोल संपतं.

गंमत म्हणजे जाहीर गोइंग दोन्ही वेळा "सॉफ्ट"च. गोइंगस्टिक तर दुसऱ्या वेळी आकडा थोडा वर दाखवेल, कारण माती फाटायला जास्त विरोध करते. कागदावर ट्रॅक "सुधारला", प्रत्यक्षात घोड्याला जास्त थकवणारा झाला. "पाऊस थांबलाय, वारा सुटलाय, आता ट्रॅक छान होईल" हे वाक्य फेस्टिव्हलच्या आधीच्या शनिवारी कुणी लिहिलं की मी पहिलं विचारतो, किती वारा आणि किती दिवस? एक दिवसाचा वारा जमीन सुधारत नाही, चिकट करतो. चार-पाच दिवसांचा सलग वारा सुधारतो.

खुरपावली

लगाम_सैल, हा मुद्दा मूळ धाग्यातच यायला हवा होता. एक जोड देतो: उलट दिशेनेही हेच होतं. चिकट झालेल्या जमिनीवर ४-५ मिलिमीटरची सर आली तर माती पुन्हा सैल होते आणि शर्यतीचे वेळ कधीकधी सुधारतात. लोक म्हणतात पाऊस पडून ट्रॅक जलद कसा झाला! झाला तो असा.

नवखा_पंटर

मग एक अडाणी प्रश्न. इतकं सगळं माहीत असताना पाऊस येणार असं दिसत असूनही ट्रॅकला पाणी का देतात? दर दोन-तीन वर्षांनी यावरून बोंब होतेच.

रिकीब

प्रश्न अडाणी नाही. ब्रिटनमध्ये जंप शर्यतींसाठी गुड गोइंग द्यावं, गुड टू फर्मच्या पलीकडे टणक होऊ देऊ नये असा दंडक आहे. चेल्टनहॅमला पहिल्या दिवशी गुड टू सॉफ्टने सुरुवात झालेली सगळ्यांनाच हवी असते. चार दिवसांच्या तुडवणीत कोरडं पडलं तरी शुक्रवारी ट्रॅक टणक होत नाही आणि घोड्यांचे पाय वाचतात.

आता क्लार्क ऑफ द कोर्सच्या, म्हणजे ट्रॅकची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याच्या, जागी उभे राहा. शुक्रवार आहे, फेब्रुवारीची अखेर कोरडी गेली, गोइंग गुड. अंदाज सांगतो सोमवारी रात्री २ ते १० मिलिमीटर. २ पडला तर मंगळवारी ट्रॅक हवा त्यापेक्षा जलद. १० पडला तर सॉफ्ट. आज ६ मिलिमीटर पाणी दिलं आणि सोमवारी १० पडला तर १६, आणि लोक गळा धरणार. नाही दिलं आणि काहीच पडलं नाही तर ट्रेनर सोमवारी घोडे काढून घेणार. दोन्हीकडून शिव्या.

त्यातल्या त्यात शहाणपणाची पद्धत म्हणजे थोडं, लवकर, आणि सगळीकडे नाही. ३-४ मिलिमीटर, गुरुवार-शुक्रवारी, म्हणजे मुरायला वेळ मिळतो. आधी उंचावरचे, वाऱ्याला उघडे भाग. खोलगट भागांना हात लावायचा नाही, तिथे पाणी आपणहून येतं. आणि फवारणीचा पट्टा वाऱ्याने वाकडा झाला तर एका बाजूला दुप्पट आणि दुसरीकडे कोरडं असं होतं; ही असमानता नुसत्या ओल्या किंवा नुसत्या कोरड्या ट्रॅकपेक्षा वाईट, कारण घोडा एका ढांगेत टणकावरून मऊवर येतो. म्हणून पाणी दिल्यावर डबे ठेवून ते कुठे किती पडलं हे मोजायचं असतं. हे मोजलं नाही तर "४ मिलिमीटर दिलं" या वाक्याला अर्थ नाही.

नवखा_पंटर

धन्यवाद रिकीब. म्हणजे पाऊस नंतर घालता येतो, काढता येत नाही.

चर_खोदे

काढता येतो की! निचरा म्हणजे तेच.

भारी जमिनीत तीन पातळ्यांवर काम चालतं. खाली मुख्य नळ्या, छिद्रं असलेल्या, ६० ते ७५ सेंटिमीटर खोल, वर खडीचा भराव. त्या नळ्यांना आडवे वाळूचे किंवा बारीक खडीचे अरुंद चर, पृष्ठभागापासून खाली खडीपर्यंत पोचणारे. आणि जिथे चिकणमाती पुरेशी चिकट आहे तिथे मोल नांगराने ५०-६० सेंटिमीटर खोलीवर पोकळ बोगदे. या सगळ्याच्या वर सच्छिद्रता टिकवायला व्हर्टिड्रेन: लांब दांडे २५ ते ४० सेंटिमीटर खुपसून थोडे उचलायचे, म्हणजे घट्ट थराला तडे जातात.

काय बिघडतं? एक, वाळूच्या चराचं तोंड मातीने झाकलं जातं. टापांनी माती पसरते, दोन-तीन सेंटिमीटरचा लेप बसतो, आणि खाली कोट्यवधींची निचरा यंत्रणा असूनही वर पाणी साचतं. दरवर्षी वरून वाळू पसरून हा दुवा उघडा ठेवावा लागतो. दोन, व्हर्टिड्रेन चुकीच्या वेळी. माती कणकेसारखी असताना दांडा घातला तर छिद्राच्या भिंती लिंपल्या जातात, गुळगुळीत, पाणी आत शिरत नाही. ते काम वाफशाच्या थोडं कोरड्या बाजूला करायचं, आणि फेस्टिव्हलच्या आधी महिनाभर तरी खोल दांडे घालायचे नाहीत, नाहीतर छिद्रं बसली नसल्याने फसवी जमीन तयार होते: वरून घट्ट, टाप पडली की आत खचते. जॉकी ज्या जमिनीला खरं घाबरतात ती ही. घोडा ओल्या जमिनीला सांभाळून घेतो, फसव्या जमिनीचा त्याला अंदाजच येत नाही.

तीन, बाहेर पडायचा मार्ग. नळ्या ज्या ओढ्यात सोडल्यात तो ओढाच भरून वाहत असेल तर पाणी जाणार कुठे? फेब्रुवारीभर पाऊस झालेल्या वर्षी असं होतं. मग ट्रॅकवरचा निचरा कितीही चांगला असो, पाण्याला वाट नसते.

गवत्या

बरोबर. आणि म्हणूनच हिवाळ्यातला एकूण पाऊस बघायचा, शेवटचा आठवडा नव्हे. २०२४ चं उदाहरण समोर आहे. ट्रॅक आधीच भरलेला, पहिल्या दिवसापासून सॉफ्ट, आणि बुधवारची क्रॉस-कंट्री चेस पाणी साचल्यामुळे रद्द करावी लागली. मुख्य कोर्सवर त्याच दिवशी बाकीच्या शर्यती झाल्या. एकच आवार, एकच पाऊस.

टापटीप

२०२२ चा बुधवारही लक्षात ठेवण्यासारखा. दिवसभर पाऊस लागून राहिला, ट्रॅक शर्यतीगणिक जड होत गेला. क्वीन मदर चॅम्पियन चेसमध्ये शिश्किन या घोड्याला मध्येच थांबवलं आणि एनर्ग्युमीन जिंकला.

लगाम_सैल

शिश्किनचं सगळं खापर जमिनीवर फोडू नका. नंतर त्याच्या हाडांचा दुर्मिळ विकार पुढे आला होता. जड जमिनीचं नीट उदाहरण हवं असेल तर २०१८ चा गोल्ड कप घ्या. सॉफ्ट जमीन, ३ मैल अडीच फर्लाँग (फर्लाँग म्हणजे मैलाचा आठवा भाग), २२ कुंपणं, आणि नेटिव्ह रिव्हर जवळजवळ पूर्ण वेळ पुढे. माइट बाइट शेवटच्या कुंपणापर्यंत त्याच्या बरोबरीने होता. चढावर ज्याच्याकडे दम उरला तो जिंकला. अशा जमिनीवर मागून झपाट्याने येणाऱ्या घोड्यांना झपाटा मिळत नाही. वेगातला फरक जमीन खाऊन टाकते आणि पुढे असलेल्याला फायदा होतो.

नवखा_पंटर

तपासणी कशी करतात? "सकाळी ८ ला इन्स्पेक्शन" असं वाचतो फक्त.

रिकीब

चालत, पूर्ण ट्रॅक, काठी आणि टाच घेऊन. आधी उघडं पाणी कुठे आहे ते. मग जिथे पाणी दिसत नाही तिथे टाच दाबायची: खड्ड्यात लगेच पाणी वर आलं तर थर भरलेला आहे. पाणी साचलेला डबका दोन-चार मीटरचा असेल तर रेल सरकवून वळसा देता येतो. वळणावर असेल तर गंभीर, कारण वळणावर घोडा आतल्या बाजूला कललेला असतो आणि पाण्याखालची जमीन त्याला दिसत नाही.

कुंपणांच्या जागा वेगळ्या तपासतात. उडी घ्यायच्या जागी पाच-सहा मीटर आणि उतरायच्या जागी तेवढेच. उतरताना पुढचा पाय सगळं वजन घेतो. तिथे जमीन खचली तर घोडा नाकावर जातो. एखाद्या कुंपणाच्या जागी असं असेल तर ते कुंपण वगळून शर्यत घेता येते. हर्डल तर जमिनीत ठोकलेले असतात. मऊ मातीत खुंट्या सैल होतात आणि एका फेऱ्यात धक्के खाऊन हर्डल कलते, म्हणून ओल्या दिवशी प्रत्येक शर्यतीनंतर ते पुन्हा ठोकावे लागतात.

एक गोष्ट पंटर विसरतात: रुग्णवाहिका. ती आणि पशुवैद्यांची गाडी घोड्यांच्या मागे बाजूच्या पट्टीवरून धावते. ती रुतणार असेल तर ट्रॅक कितीही चांगला असला तरी शर्यत सोडता येत नाही. ओल्या आठवड्यात त्या पट्टीवर खडी किंवा लोखंडी पत्रे टाकायचं काम ट्रॅकइतकंच महत्त्वाचं असतं.

गवत्या

शर्यतींच्या मधल्या वेळातल्या दुरुस्तीबद्दल थोडं. माणसांची रांग काटे घेऊन निघते. उखडलेलं ढेकूळ परत बसवायचं असेल तर खड्ड्याच्या कडा काट्याने आतल्या बाजूला उचलून मग पायाने दाबायच्या. नुसतं वरून दाबलं तर खाली पोकळी राहते, म्हणजे पुन्हा फसवी जमीन. ढेकूळ तुकडे होऊन गेलं असेल तर वाळू-मातीचं मिश्रण भरायचं, संध्याकाळी त्यात रायग्रासचं बी. ओल्या दिवशी वाळू जास्त घालायचा मोह होतो, कारण ती पाणी शोषते असं वाटतं. पण वाळूच्या खड्ड्याला मुळांची पकड नसते, पुढच्या टापेला ती उडून जाते. आणि रोलर अजिबात नाही. ओल्या चिकणमातीवर रोलर म्हणजे उरलेली हवाही काढून टाकणं.

चर_खोदे

दंव आलं तर आच्छादनं घालतात, त्याचाही एक तोटा. पांढऱ्या कापडाची आच्छादनं जमीन गोठू देत नाहीत, पण वारा आणि ऊनही अडवतात. चार दिवस आच्छादलेला भाग उघड्या भागापेक्षा ओला राहतो. घालायची तर घाला, पण दुपारी तापमान वर गेलं की काढा, रात्री परत. माणसांचं काम वाढतं, पण इलाज नाही.

टापटीप

एवढं सगळं वाचून, घरबसल्या अंदाज बांधायचा तर काय काय बघायचं? थोडक्यात नको, नीट सांगा.

खुरपावली

मी या क्रमाने बघतो.

डिसेंबर ते फेब्रुवारीचा पाऊस नेहमीपेक्षा जास्त की कमी. जास्त असेल तर ट्रॅकला शिल्लक जागा नाही असं धरायचं आणि पुढचा प्रत्येक मिलिमीटर दुप्पट मोजायचा. मग ट्रायल्स डेला न्यू कोर्सवर गोइंग काय होतं. सॉफ्ट किंवा हेवी असेल तर गुरुवार-शुक्रवारबद्दल सावध.

शेवटच्या दहा दिवसांत पाऊस आणि वारा दोन्ही रोज लिहून ठेवा. रोज पडलेला पाऊस वजा १ ते १.५ मिलिमीटर, अशी बेरीज करत गेलात तर ट्रॅक कुणीकडे झुकतोय ते कळतं. ढगाळ, दमट, बिनवाऱ्याच्या दिवशी वजाबाकी अर्ध्यावर आणा. पाणी दिलं असेल तर ते पावसातच मिळवायचं.

आयरिश घोड्यांची मागची कामगिरी बघताना तिकडचं यील्डिंग हे गुड आणि सॉफ्टच्या मधलं असतं हे ध्यानात ठेवा. ब्रिटनच्या पट्टीत तो शब्दच नाही, तिथे साधारण गुड टू सॉफ्टच्या आसपास पकडायचं.

आणि पहिल्या शर्यतीनंतर जाहीर गोइंगकडे बघणं बंद करून घड्याळाकडे बघा. त्या अंतराचा प्रमाण वेळ घ्या, प्रत्यक्ष वेळेतून वजा करा, फर्लाँगांनी भागा. २ मैलांची शर्यत, म्हणजे १६ फर्लाँग, प्रमाणापेक्षा २० सेकंद हळू झाली तर फर्लाँगमागे सव्वा सेकंद. पण एका शर्यतीवरून ठरवू नका. पुढे कुणीच जाईना म्हणून सगळे रांगत गेले असतील तर वेळ तशीही हळू येते. दोन-तीन शर्यतींची सरासरी धरा आणि चेस आणि हर्डल वेगळे ठेवा, पट्ट्या वेगळ्या आहेत.

लगाम_सैल

शिवाय रेल कुठे आहे ते बघा. ताजं गवत द्यायला रात्री रेल सरकवतात, वळणावर सरकवली की अंतर वाढतं. वाढीव यार्ड जाहीर होतात, ते न मिळवता वेळ भागली तर ट्रॅक उगाच जड दिसतो.

नवखा_पंटर

शेवटचा प्रश्न. बुधवारी रात्री ८ मिलिमीटर पडला तर गुरुवारी न्यू कोर्सचं काय धरायचं?

खुरपावली

न्यू कोर्सवर मंगळवार-बुधवारी घोडे पळालेले नाहीत, त्यामुळे तिथे पडलेले ८ मिलिमीटर हे तुडवलेल्या ओल्ड कोर्सवरच्या ८ मिलिमीटरपेक्षा सौम्य. बुधवारी सकाळी तिथे गुड टू सॉफ्ट असेल आणि पाऊस रात्रभर सावकाश पडला असेल तर गुड टू सॉफ्ट, काही ठिकाणी सॉफ्ट. आधीच सॉफ्ट असेल तर सॉफ्ट, खोलगटात हेवी. आणि गुरुवारी दिवसभर वारा राहिला तर मी पहिल्या दोन शर्यतींपेक्षा शेवटच्या दोन शर्यतींत जमीन जास्त चिकट धरेन, गोइंग काहीही जाहीर होवो.